मापं नसलेलं ड्रॉइंग

बेळगावात अनगोळहून उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या माणसाला ड्रॉइंग वाचता येतं. फौंड्रीतला पॅटर्नमेकर, सीएनसीवरचा ऑपरेटर, तपासणीच्या टेबलावर व्हर्नियर घेऊन बसलेला मुलगा, सगळ्यांचा दिवस त्याच कागदाभोवती जातो. व्यास किती, टॉलरन्स किती, कुठल्या बाजूला मशीनिंग, कुठली बाजू रफ ठेवायची हे कागद सांगतो आणि जॉब तसा बनतो. एवढी विद्या हाताशी असूनही एखाद्या वर्कशॉपमध्ये खरोखर नवीन काही तयार झालं आणि पेटंटचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो तो वकील कोण गाठायचा हा. माझ्या मते त्याआधीचे प्रश्न दोन आहेत. हे आधी कुणी केलंय का? आणि यातलं जे नवीन आहे ते कागदावर नेमकं कसं दाखवायचं? पहिल्याचं उत्तर पेटंट सर्च देतो, दुसऱ्याचं पेटंट ड्रॉइंग. या दोन कामांचा बराचसा भाग आपल्याच लोकांना करता येण्यासारखा आहे, म्हणून तो इथे सावकाश उलगडून सांगतो.

बेळगावच्या यंत्रोद्योगाची सुरुवातच एका ड्रॉइंग मास्तरापासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, म्हणून रंगकाम सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नगरपालिकेच्या ठळकवाडी वसाहतीच्या योजनेत कारखान्याची जागा गेली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती ठळकवाडी म्हणजे आजची टिळकवाडी, अनगोळला लागून असलेली. पुढच्या सगळ्या विवेचनासाठी मी कडबा कुट्टी यंत्राचंच उदाहरण घेतो. ते या मातीतलं आहे, आणि त्यात हात सापडून होणारे अपघात अजूनही थांबलेले नाहीत.

समजा, एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाने कडबा कुट्टीला अशी जोड दिली: कडबा सरकवताना हात ट्रेमध्ये ठराविक रेषेच्या पुढे गेला की तिथे टांगलेली एक झुलती पट्टी ढकलली जाते. पट्टीला जोडलेला दांडा वरचा फीड रोलर उचलतो आणि त्याच हालचालीत क्लच सुटतो. सेन्सर नाही, वीज नाही. डिझेल इंजिनावर चालणाऱ्या यंत्रालाही ही जोड बसते. वर्कशॉपमधले सगळे म्हणतात, असं कधी पाहिलं नाही. पेटंट मिळेल का?

कायद्याची अट तीन पदरी आहे. वस्तू किंवा प्रक्रिया नवीन हवी, त्यात त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल हवं, आणि ती उद्योगात वापरता यायला हवी. तिसरी अट आपल्याकडे क्वचितच आडवी येते. अडतं ते पहिल्या दोन ठिकाणी. शिवाय पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात न चालणाऱ्या गोष्टींची यादी आहे. शेतीची पद्धत चालत नाही, पण शेतीचं यंत्र चालतं. माहीत असलेल्या दोन साधनांना नुसतं शेजारी बसवलं आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिलं, तर तेही चालत नाही. कडबा कुट्टीच्या चौकटीवर दिवा बसवला तर तो शोध होत नाही. पट्टी, दांडा, रोलर आणि क्लच मात्र एकमेकांवर अवलंबून एकच परिणाम घडवतात, म्हणून इथे बोलायला जागा आहे.

सर्चला बसण्याआधी एक ताकीद द्यायलाच हवी. नवीनपणा अर्जाच्या तारखेला मोजला जातो. त्याआधी यंत्र विकलं, व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला, गटात फोटो फिरवले, धारवाडच्या कृषी मेळ्यात स्टॉलवर चालवून दाखवलं, तर आपणच आपला नवीनपणा घालवू शकतो. कायद्यात सवलती आहेत, पण अरुंद. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल तर १२ महिन्यांची मुभा आहे. शेतावरच्या चाचणीसाठी, ती उघड्यावर करणं भाग असेल आणि फक्त चाचणीपुरतीच असेल, तर एक वर्षाची मुभा आहे. या सवलतींच्या भरवशावर कुणी बसू नये. चाचणी ओळखीच्या एकदोन शेतकऱ्यांकडे करावी, त्यांच्याकडून गुप्ततेच्या साध्या कागदावर सही घ्यावी, आणि स्टॉल अर्जानंतर लावावा.

आता सर्च. नवखा माणूस यंत्राचं नाव टाकून शोधतो, दहा निकाल बघतो आणि काही सापडलं नाही म्हणून खूश होतो. नावाने शोधणं सर्वांत कमकुवत. आधी काम एका वाक्यात लिहावं: हात धोक्याच्या रेषेपलीकडे गेला की यांत्रिक हालचालीने खाद्य आत ओढणं थांबवणारी व्यवस्था. या वाक्यात कडबा हा शब्द नाही, हे मुद्दाम. मग त्याचे घटक वेगळे काढावेत. झुलती पट्टी, हालचाल पोचवणारा दांडा, रोलर उचलणं, क्लच सुटणं, विजेशिवाय चालणं. प्रत्येक घटकासमोर इंग्रजीतले सगळे पर्यायी शब्द लिहावेत, कारण पेटंटांचा फार मोठा साठा त्या भाषेत आहे. कडबा कुट्टीलाच चाफ कटर, फॉडर कटर, स्ट्रॉ कटर, हे कटर अशी नावं सापडतात. पट्टीला कुणी गार्ड म्हणतो, कुणी फ्लॅप, कुणी बार.

शब्दांपेक्षा भरवशाची वाट वर्गीकरणाची. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आलेलं आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण जगातल्या पेटंटांना 'ए' ते 'एच' अशा आठ विभागांत लावतं, आणि प्रत्येक विभागाच्या पोटात वर्ग, उपवर्ग, गट अशी उतरंड आहे. कडबा, गवत, पेंढा कापण्याची यंत्रं ए०१एफ २९ या गटात येतात. उद्यमबागेच्या फौंड्रीवाल्यांना बी२२सी आणि बी२२डी हे उपवर्ग जवळचे, एकात साचे आणि मोल्डिंग, दुसऱ्यात ओतकाम. हायड्रॉलिक सिलिंडरवाल्यांसाठी एफ१५बी. निपाणीत विडी वळण्याच्या यंत्रावर कुणी डोकं चालवत असेल तर त्याने ए२४सी उघडावा, तिथे सिगार आणि सिगारेट बनवण्याची यंत्रं आहेत. या गटाचा आकडा एकदा हाती आला की भाषा कुठलीही असो, जपानी असो की जर्मन, त्या जातीची सगळी यंत्रं एका रांगेत समोर येतात. आणि आकृती बघायला भाषा लागत नाही.

पण आपलं वाक्य आठवा. त्यात कडबा नव्हता. म्हणून दुसरा गटही बघायला हवा: सुऱ्यांनी तुकडे करणाऱ्या यंत्रांचा, बी०२सी १८. आणि तिसरा, यंत्र चालवणाऱ्याच्या सुरक्षेच्या व्यवस्थांचा, एफ१६पी ३. इथे आपल्या मालकाला धक्का बसेल. झाडांच्या फांद्यांचे तुकडे करणाऱ्या वुड चिपर यंत्रांना तोंडाभोवती एक दांडा असतो, तो ढकलला की फीड रोलर थांबतात किंवा उलटे फिरतात. परदेशात ही व्यवस्था सर्रास आहे. म्हणजे ढकललेल्या दांड्याने आत ओढणं थांबवायचं ही मूळ कल्पना नवीन नाही. कडबा कुट्टीत ती कुणी वापरली नसेल, तरी तपासणारा अधिकारी म्हणेल की शेजारच्या यंत्रातली गोष्ट इकडे आणणं जाणकाराला सुचण्यासारखं आहे. कडबा कुट्टीच्या गिअरबॉक्समध्ये पुढे-न्यूट्रल-मागे असा लिव्हरही आधीपासून आहे.

बरेच जण इथे हताश होऊन थांबतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. एक तक्ता करावा. डावीकडे आपले घटक, वरच्या ओळीत सापडलेली पेटंटं, आणि प्रत्येक चौकोनात तो घटक तिथे आहे की नाही. वुड चिपरच्या पेटंटात दांडा आहे, पण तो हायड्रॉलिक व्हॉल्व्ह हलवतो. दुसऱ्या एखाद्या पेटंटात रोलर उचलला जातो, पण कडब्याची जुडी जाड आली तर, सुरक्षेसाठी नव्हे. तिसऱ्यात क्लच सुटतो, पण विजेच्या स्विचने. तक्त्यात जो चौकोन सगळीकडे रिकामा राहतो तिथे आपला शोध आहे. या उदाहरणात समजा रिकामा चौकोन असा निघाला: एकाच दांड्याच्या एकाच हालचालीत आधी रोलर उचलला जातो आणि मग क्लच सुटतो, या क्रमाने. रोलर आधी उचलला गेल्यामुळे चाक जडत्वाने फिरत असतानाही हातावरची पकड सुटते. मालकाने ही गोष्ट सहज केली होती, तिचं महत्त्व त्याला तक्त्याने दाखवलं. पेटंट मागायचं ते याच्यासाठी.

पेटंट वाचायचं कसं, हेही सांगायला हवं. वर्णनाची वीस पानं वाचत बसू नये. शेवटी क्लेम असतात, आकडे घातलेले दावे. पहिला दावा सहसा सर्वांत रुंद. त्यातला प्रत्येक घटक आपल्या यंत्रात असेल तरच आपलं यंत्र त्या दाव्याच्या कुंपणात येतं, एक घटक कमी असला तर बहुधा बाहेर. म्हणून धंद्यासाठी सर्च करणाऱ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. मला पेटंट मिळेल का, यासाठी जगातलं काहीही, कितीही जुनं, मोजलं जातं. मला हे बनवून विकता येईल का, यासाठी फक्त भारतात चालू असलेली पेटंटं मोजली जातात. पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षांची, आणि तीही नूतनीकरणाची फी भरत राहिलं तरच. मुदत संपलेली, फी न भरल्याने पडलेली आणि भारतात कधी दाखलच न झालेली असंख्य पेटंटं आहेत. त्यातली यंत्रं इथे बनवायला कायद्याची आडकाठी नसते. फक्त माल निर्यात करायचा असेल तर त्या देशाचं पेटंट बघावं लागतं. ज्यांना नवीन काही सुचलेलं नाही, अशा वर्कशॉपनेही या साठ्यात वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं.

शोधायची जागा मोफत आहे. भारतातल्या अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचं 'इनपास', जगासाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचं 'एस्पासनेट', जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं 'पेटंटस्कोप', आणि गूगल पेटंट्स. सराव म्हणून एक सुचवतो. मुंबईचे शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७ चा, टाइप ओतण्याचं यंत्र घेऊन लंडनला आणि पुढे अमेरिकेत गेले. ब्रिटन आणि अमेरिकेची पेटंटं त्यांनी मिळवली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. इंग्रजीत ते आडनावाच्या शेवटी 'वाय' लावत, तसंच टाकून शोधावं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मराठी माणसाच्या यंत्राची एकेक आकृती, प्रत्येक भागाला क्रमांक, सगळं समोर उघडतं. पेटंट ड्रॉइंग कसं असतं ते शिकायला याहून चांगली शाळा नाही.

सर्चची व्याप्ती पेटंटांपुरती नसते. कॅटलॉग, मासिकं, प्रबंध, जाहिराती, सगळं आधीचं ज्ञान म्हणून मोजलं जातं, आणि भाषेचा अडसर नाही. १९२० पासून किर्लोस्करवाडीहून निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'च्या एखाद्या जुन्या अंकात तुमच्या यंत्रासारखी आकृती छापलेली असेल, तर ती तुमच्या अर्जाविरुद्ध तितकीच वजनदार. हळदीचं प्रकरण याचं सर्वांत मोठं उदाहरण. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख धरून एकूण ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ती लढाई मूलतः पेटंट सर्चचीच होती: घराघरात माहीत असलेली गोष्ट पुरेशी नाही, तारखेसह छापलेला कागद शोधून काढावा लागतो.

आणि सर्चला एक आंधळी जागा आहे. अर्ज साधारणपणे १८ महिने प्रसिद्ध होत नाही. गेल्या दीड वर्षात कुणी दाखल केलेलं आपल्याला दिसणारच नाही. म्हणून कुणी 'सर्च केला, शंभर टक्के मोकळं आहे' असं लिहून देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तक्ता तयार झाला की ड्रॉइंगकडे यायचं, त्याच्या आधी नाही. कारण रिकामा चौकोन ठरवतो काय काढायचं. वर्कशॉपचा ड्राफ्ट्समन सवयीने पूर्ण यंत्राची असेंब्ली काढतो, प्रत्येक बोल्टसकट. पेटंटसाठी पूर्ण यंत्राची एक आकृती पुरते, म्हणजे वाचणाऱ्याला जागा कळते. उरलेलं सगळं बळ दांडा, रोलर आणि क्लच या तिघांच्या जोडणीवर लावायचं. तीन अवस्था वेगळ्या काढायच्या: पट्टी स्थिर, पट्टी अर्धी ढकललेली आणि रोलर उचललेला, पट्टी पूर्ण ढकललेली आणि क्लच सुटलेला. क्रम हाच शोध आहे, तर तो क्रम डोळ्यांना दिसला पाहिजे. एक छेददृश्य, जिथे दांड्याची खाच दिसेल. गरज पडली तर भाग सुटे करून एका रेषेत मांडलेली आकृती.

पेटंट नियम २००३ मधला पंधरावा नियम ड्रॉइंगचा आहे. कागद ए-फोर. वर आणि डावीकडे किमान ४ सेंटिमीटर समास, खाली आणि उजवीकडे ३. डाव्या वरच्या कोपऱ्यात अर्जदाराचं नाव, उजव्या वरच्या कोपऱ्यात एकूण किती पानं आणि हे कितवं, उजव्या खालच्या कोपऱ्यात सही. प्रवाह-आकृती सोडली तर ड्रॉइंगवर वर्णनाचे शब्द लिहायचे नाहीत. आकृती पुरेशी मोठी, स्पष्ट. आणि उद्यमबागेतल्या प्रत्येक ड्राफ्ट्समनला खटकणारी अट: मापं लिहायची नाहीत.

मापं नसलेलं ड्रॉइंग म्हणजे काय, असं तो विचारेल, आणि त्याचं विचारणं रास्त आहे. त्याचा कागद जॉब बनवण्यासाठी असतो, अर्धा मिलिमीटर चुकला तर कास्टिंग भंगारात जातं. पेटंटचा कागद कल्पनेची हद्द दाखवण्यासाठी असतो. दांडा २४० मिलिमीटर असं लिहिलं की स्पर्धक २६० चा करून हद्दीबाहेर पडल्याचा युक्तिवाद करायला मोकळा. मापं काढून टाकली की उरतो तो भागांचा परस्परसंबंध: काय कशाला जोडलंय, काय कशामुळे हलतं. म्हणून सॉलिडवर्क्सच्या मॉडेलमधून थेट प्रिंट काढून लावू नये. मॉडेलमधून रेषाचित्र घ्यावं, मापं, टॉलरन्स, वेल्डिंगची चिन्हं, शीर्षकाचा चौकोन, कंपनीचा लोगो पुसावा, रंग आणि छाया काढून काळ्या एकसारख्या रेषा ठेवाव्यात, छेदाच्या जागी तिरप्या रेषा भराव्यात. फोटो लावायचा मोह टाळावा. फोटोत सगळं दिसतं, म्हणून नेमकं काहीच दिसत नाही.

मग क्रमांक. प्रत्येक भागाला एक आकडा, त्याच्याकडे नेणारी बारीक रेष, आणि तो भाग जितक्या आकृत्यांत येईल तितक्यांत तोच आकडा. अनुभवी लोक १०, १२, १४, १६ असे दोनदोनच्या उडीने आकडे देतात, म्हणजे नंतर एखादा भाग आठवला तर मध्ये घालता येतो. यंत्र १०, ट्रे १२, फीड रोलर १८, झुलती पट्टी २४, दांडा २६, क्लच ३०. हेच आकडे वर्णनात येतात, गोषवाऱ्यात येतात, आणि आपल्याकडच्या प्रथेने दाव्यांतही कंसात येतात. गोषवारा १५० शब्दांच्या आत बसवायचा असतो. आकृतीत आकडा आहे पण वर्णनात त्याचा उल्लेख नाही, किंवा वर्णनात 'दांडा' आणि दाव्यात 'लिव्हर', अशी गफलत फार होते. तपासण्याचा सोपा उपाय: दुसऱ्या माणसाला फक्त आकृत्या आणि आकड्यांची यादी द्यावी आणि यंत्र कसं चालतं ते त्याच्याकडून ऐकावं. तो जिथे अडखळतो तिथे एक आकृती कमी आहे.

पर्यायही काढून ठेवावेत. दांड्याऐवजी केबल चालेल का? पट्टी वरून टांगण्याऐवजी बाजूने? चालत असेल तर त्याची आकृती पहिल्याच दिवशी घालावी. दाखल झालेल्या अर्जात नंतर नवी गोष्ट घालता येत नाही, सुधारणा आधी सांगितलेल्याच्या आतच करावी लागते. घाई असेल तर तात्पुरतं विवरण दाखल करून तारीख मिळवता येते आणि पूर्ण विवरणाला १२ महिने मिळतात. पण तात्पुरत्या विवरणात जे दाखवलं तेवढ्यालाच ती तारीख लागू होते. हाताने काढलेलं स्केच चालेल, पण तीन अवस्था त्यात हव्यात.

नुसतं बाह्य रूप नवीन असेल, पंपाच्या बॉडीचा आकार किंवा हँडलची घडण, तर रस्ता वेगळा. २००० चा डिझाइन कायदा त्यासाठी आहे, १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवून. तिथल्या आकृत्या सर्व बाजूंनी रूप दाखवणाऱ्या, आतली रचना नसलेल्या. एकाच यंत्राला दोन्ही लागू शकतात.

अर्जात शोधकर्ता म्हणून कुणाचं नाव घालायचं, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. क्रमाची युक्ती फिटरला सुचली असेल तर शोधकर्ता तो. मालक हक्क लिहून घेऊन अर्जदार होऊ शकतो, पण फिटरचं नाव गाळणं चूक, कायद्यानेही आणि माणूस म्हणूनही. उद्यमबागेत जॉबवर्क मोठ्या प्रमाणावर चालतं, तेव्हा आणखी एक: गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर काम करताना आपण केलेली सुधारणा कुणाची, हे ऑर्डरच्या कागदांतल्या अटी बघितल्याशिवाय ठरवू नये.

अर्ज जातो कुठे, याचं उत्तर सीमाभागात मजेशीर वळण घेतं. देशात पेटंट कार्यालयं चार, कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्ली. कर्नाटक चेन्नईकडे, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. म्हणजे अनगोळचा आणि निपाणीचा अर्ज चेन्नईच्या गिंडीतल्या कार्यालयाचा, आणि हाकेच्या अंतरावरच्या कागलचा किंवा चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलचा. अर्जदाराचं राहण्याचं ठिकाण, धंद्याचं ठिकाण किंवा शोध जिथे निघाला ते ठिकाण, यावर कार्यालय ठरतं, म्हणून घर अनगोळला आणि युनिट शिनोळीला असणाऱ्याने आधीच विचार करावा, नंतर सहसा बदलता येत नाही. अर्जाच्या १२ अंकी क्रमांकातही हे दिसतं. पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. पेटंट मात्र कुठूनही मिळालं तरी पूर्ण देशाला लागू. अर्ज ऑनलाइन होतो.

भाषा इंग्रजी किंवा हिंदी, मराठीत अर्ज चालत नाही. तरीही मी आग्रहाने सांगेन की वर्णन आधी मराठीतच पूर्ण लिहावं, ज्या भाषेत यंत्र सुचलं त्या भाषेत. मग भाषांतर करावं आणि ते आकृतीसमोर धरून वाचावं. थेट इंग्रजीत लिहायला बसलेला माणूस आपल्याला येणाऱ्या शब्दांपुरतंच सांगतो.

सरकारी फी ऐकून लोक घाबरतात तितकी नाही. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीसाठी ४,०००. मोठ्या कंपन्यांना अनुक्रमे ८,००० आणि २०,०००. ३० पानांच्या आणि १० दाव्यांच्या पुढे जादा आकार. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्या लघुउद्योगाने उद्यम नोंदणीसह फॉर्म २८ लावला तरच सवलत मिळते. तपासणी आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून विनंती करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची मुदत अर्जाच्या पहिल्या तारखेपासून ३१ महिने. ही मुदत चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. शोधकर्त्याला स्वतः अर्ज करता येतो. तरी दावे लिहिण्यासाठी नोंदणीकृत पेटंट एजंट घ्यावा असं मी म्हणेन. तक्ता आणि आकृत्या घेऊन गेलात तर त्याचं काम आणि तुमचा खर्च दोन्ही कमी होतात.

तपासणी अधिकाऱ्याचा पहिला अहवाल येतो तेव्हा त्यात बहुधा नकाराचे मुद्दे असतात. तो नित्याचा भाग आहे, अर्ज फेटाळला असं समजू नये. अधिकारी दोनतीन जुनी पेटंटं पुढे करतो आणि म्हणतो, हे मिळून तुमचं यंत्र होतं. उत्तराला सहा महिने असतात, विनंती केल्यास आणखी तीन. इथे सर्चचा तक्ता पुन्हा कामाला येतो, अनेकदा अधिकाऱ्याने दिलेलं पेटंट आपल्या तक्त्यात आधीच असतं. पहिला दावा आवळून त्यात 'दांडा २६ रोलर १८ ला उचलतो आणि त्यानंतरच क्लच ३० सोडतो' हे घालता येतं, कारण ते दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या आकृतीत पहिल्या दिवसापासून आहे. आकृती नसती आणि वर्णनातही नसतं, तर ते घालायला आधार नसता. सुनावणी लागली तर ती व्हिडिओवर होते. पेटंट मंजूर झालं की तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी भरायची असते, मंजुरीला उशीर झाला असेल तर मधल्या वर्षांची थकलेलीही एकदम, आणि त्यासाठी मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिने मिळतात.